घडीच्या सायकलीच्या मागच्या कॅरिअरवर सामान कसे वाहावे?

दुधनाकाठ:
मी परभणीला राहतो आणि नोकरीनिमित्त मानवतला जातो. मानवत रोड स्थानक आणि प्रत्यक्ष गाव यांच्यात काही किलोमीटरांचे अंतर आहे. सकाळच्या गाडीने उतरल्यावर शेअर रिक्षा भरेपर्यंत जेवढा वेळ थांबावे लागते, तेवढ्यात सायकलने निम्मा रस्ता संपतो. म्हणून मधोमध घडी होणारी, २० इंची चाकांची सायकल घेतली. सायकलीबद्दल तक्रार नाही. घडी पटकन होते आणि डब्यात दाराजवळच्या कोपऱ्यात ती मुकाट उभी राहते. अडचण आहे ती सामानाची.

लॅपटॉप, जेवणाचा डबा, दोन लिटर पाणी, काही फायली आणि पावसाळ्यात रेनकोट असे जाताना सहा-सात किलो वजन असते. येताना बाजारातून भाजी किंवा किराणा घेतला तर ते दहा-बारा किलोंवर जाते. एवढे ओझे पाठीवर घेऊन एप्रिल-मे महिन्यांत सायकल चालवणे कसे असते, हे मराठवाड्यातल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. सायकलीला मागचे कॅरिअर मुळातच बसवलेले आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना लटकवण्याच्या पिशव्या, ज्यांना दुकानदार पॅनिअर म्हणतात, त्या एका मित्राकडून आणून लावून पाहिल्या. त्याच्या मोठ्या चाकांच्या सायकलीवर त्या अगदी ऐटीत बसतात, पण माझ्या सायकलीवर दर फेऱ्याला टाच पिशवीवर आपटते. पिशव्या मागे सरकवल्या तर चढावर हँडल हलके लागते, आणि त्यांचे बूड जमिनीच्या इतके जवळ येते की गतिरोधक आला की जीव वरखाली होतो. शिवाय स्थानकावर दोन पिशव्या उतरवून, सायकलीची घडी करून, या तिन्ही वस्तू घेऊन गर्दीच्या डब्यात चढायचे, तेही गाडी दोन मिनिटे थांबत असताना.

घडीची सायकल वापरणारी मंडळी मागे सामान नेमके कसे बांधतात, पिशवी कोणत्या प्रकारची घ्यावी आणि कॅरिअर किती भार सोसते, हे जाणून घ्यायचे आहे.

नाथसागर:
प्रश्न पिशवीचा नसून भूमितीचा आहे, म्हणून आधी मोजपट्टी घेऊन बसावे असे सुचवतो. आपल्या घरोघरी असलेल्या जुन्या २८ इंची सायकलीचे चाक टायरसह सुमारे ७० सेंमी व्यासाचे असते, त्यामुळे कॅरिअरचा माथा जमिनीपासून पाऊण मीटरभर उंच येतो. त्यावर सामान रचले तर सायकल वरून जड होते आणि वळणावर डोलते. ते वजन खाली आणण्यासाठीच बाजूच्या पिशव्या आल्या. २० इंची सायकलीचे चाक मात्र टायरसह सुमारे ५० सेंमीचे असते आणि कॅरिअरचा माथा ५२ ते ५५ सेंमीवर येतो. म्हणजे मोठ्या सायकलीवर पॅनिअरचे पोट जिथे असते, जवळजवळ तिथेच आपल्या सायकलीचे कॅरिअर आहे. बाजूच्या पिशव्या ज्या दुखण्यावरचे औषध आहेत, ते दुखणेच या सायकलीला नाही.

आता टाचेचा हिशेब पाहू. पायडलच्या मधल्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतचे अंतर या सायकलींत ४० सेंमीच्या आसपास असते. क्रँकची, म्हणजे पायडल ज्याला लावलेले असते त्या दांड्याची, लांबी साधारण १७ सेंमी, आणि पावलाचा पुढचा भाग पायडलवर ठेवला तर टाच पायडलच्या आणखी १७-१८ सेंमी मागे जाते. म्हणजे क्रँक आडवी मागे आली की टाच मधल्या आसापासून ३५ सेंमीपर्यंत पोहोचते आणि चाकाच्या आसापुढे जेमतेम ५ सेंमी जागा उरते. पूर्ण आकाराचा पॅनिअर २८ ते ३० सेंमी रुंद असतो. तो टाचेला चुकवून लावायचा तर त्याचा बहुतांश भाग आसाच्या मागे लोंबणार, दुसरा मार्गच नाही. उंचीचेही तसेच आहे. ३५ सेंमी खोल पिशवी ५३ सेंमीवरून लटकली की खाली १८ सेंमी राहतात आणि त्यातच उजव्या बाजूला गियर बदलताना साखळी सरकवणारा डिरेलर आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की बाजूंचा विचार सोडून द्यावा आणि कॅरिअरच्या माथ्यावर पिशवी उभी ठेवावी. घडीच्या सायकलीत सीटचा दांडा फार लांब असतो. मोठ्या सायकलीत तो फ्रेमबाहेर वीतभर दिसतो, इथे कॅरिअरपासून सीटपर्यंत बराच मोठा भाग उघडा असतो. तो दांडा म्हणजे फुकट मिळालेली पाठ आहे. नेहमीची पाठीवरची सॅक कॅरिअरवर उभी करायची, तिची पाठ दांड्याला टेकवायची आणि खांद्याचे पट्टे दांड्याच्या दोन्ही अंगांनी पुढे आणून छातीचे बकल दांड्यापुढे लावून आवळायचे. सॅक पुढे, मागे कुठेही जात नाही. स्थानकावर एक बकल सोडले की तीच सॅक पाठीवर जाते आणि दोन्ही हात सायकलीसाठी मोकळे राहतात. तुमच्या तीन वस्तूंच्या दोन वस्तू होतात, आणि त्यांतली एक पाठीवर असते.

खडकीवाला:
एवढे गणित करण्यापेक्षा सॅक पाठीवरच घेतलेली काय वाईट? पाच-सात किलोमीटरांचा तर प्रश्न आहे.

नाथसागर:
थंडीत काहीच वाईट नाही, आणि लॅपटॉपच्या दृष्टीने तर पाठच उत्तम, कारण खड्ड्याचा धक्का गुडघे आणि कंबर झेलतात. पण मे महिन्यात पारा ४२ अंशांवर असताना पाठीला सॅक चिकटलेली असली की घाम वाळायला जागाच राहत नाही आणि कार्यालयात पोहोचल्यावर सदऱ्याची जी अवस्था होते ती लपवता येत नाही. शिवाय दहा किलो वजन खांद्यावर असले तर ते सगळे बुडावाटे सीटवर येते, आणि घडीच्या सायकलीत त्याचा ताण त्या लांब दांड्यावर पडतो. तेच वजन कॅरिअरवर ठेवले तर दांड्याला फक्त सॅक सावरून धरावी लागते.

बालाघाट:
मी अंबाजोगाईची आहे. वरील पद्धत चांगली आहे, पण ती उंच माणसाने उंच माणसांसाठी सांगितलेली आहे असे नम्रपणे नोंदवते. माझी उंची पाच फूट एक इंच आहे. माझे सीट जमिनीपासून ऐंशी सेंमीच्या आसपास असते, त्यातून कॅरिअरची उंची वजा केली की सीटखाली पंचवीस-सव्वीस सेंमीच जागा उरते. नेहमीची सॅक पंचेचाळीस सेंमी उंच असते. दांडा मागे कललेला असतो आणि सीटचे मागचे टोक त्याच्याही मागे येते, त्यामुळे सॅकचा वरचा भाग सीटला अडून मागे ढकलला जातो आणि सॅक दांड्याला टेकतच नाही. पट्टे कितीही आवळले तरी मधे पोकळी राहते आणि सॅक डुलते.

आमच्यासारख्यांनी दोन गोष्टी कराव्यात. एक म्हणजे सॅक आडवी ठेवावी, तिची लांबी चाकाच्या दिशेने येईल अशी, आणि जड वस्तू दांड्याच्या बाजूला भराव्यात. दुसरे म्हणजे पुढच्या बाजूचा विचार करावा. लंडनच्या ब्रॉम्प्टन सायकलीची रचना अँड्र्यू रिची यांनी १९७० च्या दशकात केली, आणि त्या सायकलीवर मुख्य पिशवी मागे नसून पुढे असते. ती हँडलवर लटकत नाही, तर हँडलखालच्या फ्रेमच्या नळीवर बसवलेल्या ठोकळ्यात अडकते. म्हणून हँडल वळले तरी पिशवी वळत नाही आणि सायकल चालवताना तिचे वजन हाताला जाणवत नाही. त्या सायकलीच्या मागच्या कॅरिअरची मर्यादा १० किलोच आहे, आणि घडी केल्यावर सायकल त्याच कॅरिअरवरच्या छोट्या चाकांवर उभी राहते, त्यामुळे मागे पिशवी असली तर ती आधी काढावीच लागते. इतर बऱ्याच घडीच्या सायकलींनाही पुढच्या नळीवर बोल्टची छिद्रे दिलेली असतात. आपल्या सायकलीला ती आहेत का हे दुधनाकाठ यांनी पाहावे. असतील तर लॅपटॉप आणि फायली पुढे, आणि डबा-पाणी-भाजी मागे, अशी वाटणी करता येईल. पुढे थोडे वजन आले की घाटाच्या चढावर पुढचे चाक जागेवर राहते, हा माझ्या परिसरातला मोठाच फायदा आहे.

सीटच्या दांड्यालाच पकडणारे, एका बोल्टवर तरंगणारे कॅरिअर मात्र कोणी सुचवले तरी घेऊ नये. दांडा गोल असल्यामुळे ते हळूहळू फिरते, आणि ते लावले की सीट पूर्ण खाली जात नाही, म्हणजे घडीच अर्धवट राहते.

दुधनाकाठ:
आपणा दोघांचेही आभार. माझी उंची पाच फूट आठ इंच आहे आणि सीटखाली आडतीस सेंमी जागा भरते, म्हणजे मी मधल्या गटात मोडतो. पुढच्या नळीवर दोन छिद्रे आहेत, आजवर ती कशासाठी आहेत हे कधी पाहिलेच नव्हते. आता कॅरिअरच्या ताकदीबद्दल कोणी सांगेल का? माझ्या कॅरिअरवर काही आकडा दिसत नाही. गावातले मिस्त्री म्हणतात की काळजी करू नका, लागलेच तर वेल्डिंग करून देतो.

नंदीग्राम:
नांदेडला आमचे सायकलींचे दुकान आहे, म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

चांगल्या कॅरिअरवर भारमर्यादा कोरलेली किंवा छापलेली असते. १०, १८ किंवा २५ किलो हे आकडे नेहमी दिसतात. आकडा नसेल तर सायकलीच्या पुस्तिकेत पाहावा, तिथेही नसेल तर दहा किलोंपुढे जाऊ नये. पण कॅरिअरचा आकडा ही अर्धीच गोष्ट आहे. घडीच्या सायकलीला एकूण भाराची वेगळी मर्यादा असते, ती अनेक सायकलींत १०० ते ११५ किलोंच्या दरम्यान असते, आणि त्यात चालवणाऱ्याचे वजन अधिक सामान असे दोन्ही धरायचे असते. ऐंशी किलोंच्या माणसाने २५ किलोंच्या कॅरिअरवर २५ किलो ज्वारी ठेवली तर कॅरिअर काही म्हणणार नाही, पण १०० किलोंची मर्यादा तिथेच ओलांडली जाईल आणि त्याचा जाब मधल्या बिजागरीला आणि मागच्या चाकाला द्यावा लागेल.

दुसरी गोष्ट बोल्टची. कॅरिअर बहुधा ५ मिलिमीटरच्या चार बोल्टवर उभे असते. दोन खाली चाकाच्या आसाजवळ आणि दोन वर, सीटखालच्या नळीकडे. सगळे वजन खालच्या दोन बोल्टवर येते. वरचे दोन फक्त कॅरिअर मागेपुढे झुकू देत नाहीत. आपल्या रस्त्यांवरच्या सततच्या हादऱ्यांनी हे बोल्ट सैल होतात, आणि सैल बोल्ट आवळलेल्या बोल्टपेक्षा फार लवकर तुटतो, कारण मग कॅरिअर घर्षणावर न टिकता थेट बोल्टच्या अंगावर ठोके देत राहते. नायलॉनची कडी असलेले नट वापरावेत, जिथे नट लावायला जागा नाही तिथे आटे पकडून ठेवणारे द्रव्य लावावे, आणि नवीन कॅरिअर बसवल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा पाना फिरवावाच. डिस्क ब्रेकची सायकल असेल तर डाव्या बाजूला कॅरिअरचा पाय ब्रेकच्या कॅलिपरला अडतो. तिथे लांब बोल्ट आणि मधे नळी घालून पाय बाहेर काढणारे कॅरिअर मिळते. साधे कॅरिअर वाकवून बसवू नये.

वेल्डिंगबद्दल स्पष्टच सांगतो. लोखंडी कॅरिअर तुटले तर खुशाल वेल्डिंग करावे, आपल्याकडचे दूधवाले वर्षानुवर्षे तेच करत आले आहेत. ॲल्युमिनियमचे कॅरिअर आणि विशेषतः ॲल्युमिनियमची फ्रेम मात्र रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नये. त्या मिश्रधातूला उष्णतेची प्रक्रिया करून ताकद दिलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याच्या आजूबाजूचा भाग पुन्हा मऊ पडतो. सांधा चकचकीत दिसतो आणि त्याच्या शेजारीच पुन्हा तडा जातो.

जालनेकर:
दूधवाल्यांचा उल्लेख आला म्हणून विचारतो. ते तर कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना मोठाले कॅन लटकवून आयुष्यभर सायकल चालवतात. त्यांना टाच लागत नाही, पुढचे चाक उचलत नाही. मग बाजूला वजन वाईट कसे?

नंदीग्राम:
बाजूला वजन वाईट नाहीच, फक्त त्याला जागा हवी. दूधवाल्याच्या सायकलीची मागची फ्रेम लांब असते, चाक मोठे असते, आणि कॅरिअर जाड लोखंडी पट्ट्यांचे असते. ती सायकलच ओझ्यासाठी बनलेली आहे. घडीच्या सायकलीची मागची बाजू आखूड ठेवलेली असते, कारण ती लांब केली तर घडीही लांब होईल.

गोदातीर:
मला मात्र बाजूच्या पिशव्या इतक्या लवकर बाद करणे पटत नाही. मी गंगाखेडला घडीच्या सायकलीवर बाजूच्या पिशव्या वापरतो आणि समाधानी आहे. फक्त त्या मागच्या चाकासाठी बनवलेल्या नसून मोठ्या सायकलीच्या पुढच्या चाकासाठी बनवलेल्या आहेत. त्या आकाराने लहान असतात, एका पिशवीत दहा-बारा लिटर मावते, खोली कमी असल्यामुळे जमिनीपासूनचे अंतर राखले जाते आणि रुंदी कमी असल्यामुळे टाच वाचते. ज्यांच्या पुढच्या-खालच्या कोपऱ्याला तिरका काट दिलेला असतो त्या पिशव्या तर अगदी योग्य, कारण टाच नेमकी त्याच कोपऱ्यात येते.

आणि पुढचे चाक हलके होण्याची जी भीती घातली जाते तिचाही हिशेब करू. समजा, १५ किलो भार आसाच्या १५ सेंमी मागे आहे आणि दोन चाकांतले अंतर १०० सेंमी आहे. तर पुढच्या चाकावरचा भार सव्वादोन किलोंनी घटेल. सव्वादोन किलोंनी कोणाची सायकल उलटत नाही.

बालाघाट:
आकडा बरोबर आहे, पण तो सपाट रस्त्यावरचा आहे. घडीच्या सायकलीचे पुढचे चाक लहान असल्यामुळे हँडल मुळातच चपळ असते, चालवणारा बराचसा मागच्या चाकाच्या जवळ बसलेला असतो आणि चढावर त्याचे वजन आणखी मागे जाते. हे सगळे झाल्यावर पुढे जे थोडे वजन उरते त्यातून सव्वादोन किलो गेले तर हाताला ते निश्चित कळते. गंगाखेडहून परळीकडे येताना शेवटच्या टेकड्यांवर हा प्रयोग आपण करून पाहावा.

गोदातीर:
मान्य. माझे येणे-जाणे गोदावरीच्या काठच्या सपाट भागातले आहे, हे सांगायला हवे होते. परळीच्या चढावर मी सायकल हातात धरून चालतो.

पूर्णा जंक्शन:
रेल्वेच्या अंगाने थोडे लिहितो. उघडी सायकल प्रवासी डब्यात नेता येत नाही, ती सामान म्हणून नोंदवून ब्रेकव्हॅनमध्येच, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यातच, द्यावी लागते. घडी करून पिशवीत घातलेली सायकल ही हातातल्या सामानासारखी चालून जाते, पण नियमाचे पुस्तक उघडले तर ट्रंक, सूटकेस यांसाठी डब्यात १०० × ६० × २५ सेंमी ही मर्यादा दिलेली आहे. २० इंची सायकलीची घडी साधारण ८० × ६५ × ३५ सेंमीच्या आसपास येते. म्हणजे काटेकोर मोजले तर ती उंचीत आणि जाडीतही बसत नाही. वजनाची अडचण नाही, कारण दुसऱ्या वर्गाला ३५ किलो आणि स्लीपरला ४० किलोपर्यंत सामान विनामूल्य नेता येते. सायकल आणि सॅक मिळून पंचवीस किलोंच्या आतच राहतात.

व्यवहारात सगळे तिकीट तपासनिसाच्या मर्जीवर आणि डब्यातल्या गर्दीवर अवलंबून असते, म्हणून सायकल खोळीत असावी, साखळीचे काळे कोणाच्या धोतराला लागू नये आणि वाट अडू नये, एवढे पाहिले की सहसा कोणी विचारत नाही. कॅरिअरला बांधलेले काही बाहेर लोंबत असले की मात्र लगेच नजरेत भरते. घडी करताना पुढचे चाक मागच्या चाकाच्या शेजारी येऊन बसते, तेव्हा त्या बाजूला पिशवी असेल तर घडी मिटतच नाही. या दृष्टीनेही वर सांगितलेली सॅकची पद्धत मला सोयीची वाटते. गाडी येण्याआधी पाच मिनिटे घडी करून ठेवावी. गाडी दिसल्यावर बकले शोधू नयेत.

आणि लातूर रोडला उतरून लातूरला सायकलने जाऊ असा विचार कोणाच्या मनात आला असेल तर तिथून शहर तीसेक किलोमीटर दूर आहे, हे लक्षात ठेवावे.

दुधनाकाठ:
गेले काही आठवडे मी सॅक उभी बांधण्याची पद्धत वापरत आहे, त्याबद्दलची निरीक्षणे लिहितो. सॅक कॅरिअरवर बसते तशी स्थिर राहते, टाच कुठेही लागत नाही आणि पाठ कोरडी राहते. माझ्या सीटखालची जागा सॅकपेक्षा सात-आठ सेंमीने कमी असल्यामुळे मी वरचा कप्पा रिकामा ठेवतो आणि तो सीटखाली दुमडून घेतो. रेनकोट त्या दुमडीत छान बसतो. छातीचे बकल दांड्यापुढे लावले तरी सॅकचे बूड मात्र कॅरिअरवर डावी-उजवीकडे सरकते. तिथे काय करावे? मी दोन्ही टोकांना आकडे असलेली लवचिक दोरी वापरून पाहिली, पण ती उन्हात महिनाभरातच ढिली पडली.

सराटा:
आकड्यांची दोरी टाकून द्यावी. तिच्या आतले रबर उन्हाने मरते, आणि ताणलेला आकडा निसटून डोळ्याकडे उडाला तर नको ते होते. पंक्चरच्या दुकानातून सायकलीची टाकाऊ ट्यूब आणावी, ती लांबीत दोन बोटे रुंद कापून पट्टी करावी. ट्यूबचे ब्यूटाइल रबर ऊन-पाऊस बराच काळ सोसते, त्याला धातूचे काही नसते आणि ते सॅकच्या कापडावर घसरत नाही. पट्टीचे एक टोक कॅरिअरच्या डाव्या दांडीला गाठ मारून कायमचे ठेवावे, पट्टी सॅकच्या बुडावरून आडवी घेऊन उजव्या दांडीखालून परत आणावी आणि स्वतःखालीच खोचावी. कॅरिअरच्या पट्ट्यांवरही त्याच ट्यूबचा तुकडा गुंडाळला तर सॅकचे बूड घासून फाटत नाही.

लॅपटॉप सॅकमध्ये पाठीच्या बाजूच्या कप्प्यात असतो, म्हणजे तो दांड्याजवळ येतो, हे ठीक आहे. पण त्याची खालची कड थेट कॅरिअरवर टेकता कामा नये. सॅकच्या तळाशी दोन बोटे जाडीचा फोम घालावा, नाहीतर मानवत रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्या कडेलाच मोजावा लागतो.

टायरचेही पाहावे. मागे वजन वाढले की मागच्या टायरमध्ये हवा वाढवावी लागते, कारण लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरते आणि हवा कमी असली तर रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये ट्यूब चिमटून तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. टायरच्या बाजूला जो कमाल दाब लिहिलेला असतो त्याच्या थोडे खाली राहावे. बाभळीचे काटे आणि सराटे यांच्यासाठी सुटी ट्यूब जवळ ठेवावी. तुमच्या सायकलीचा टायर ४०६ मापाचा (हा आकडा म्हणजे टायर रिमवर बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये) असेल, म्हणजे त्यावर २० × १.७५ किंवा २० × १.९५ असे दशांशात लिहिलेले असेल, तर लहान मुलांच्या जाड टायरच्या २० इंची सायकलींची ट्यूब चालते आणि ती तालुक्याच्या गावात कुठेही मिळते. ४५१ मापाची किंवा ब्रॉम्प्टनच्या ३४९ मापाची सायकल असेल तर ट्यूब आधीच मागवून ठेवण्यावाचून इलाज नाही.

बालाघाट:
एक राहिले. सॅक उभी असली की सीटच्या दांड्यावरचा तांबडा दिवा आणि कॅरिअरचा रिफ्लेक्टर दोन्ही झाकले जातात. कापसाच्या हंगामात त्या रस्त्यावर संध्याकाळी भरलेले ट्रॅक्टर आणि टेम्पो असतात. दिवा सॅकच्या मागच्या पट्टीला अडकवावा.

दुधनाकाठ:
दिव्याची सूचना आजच अमलात आणतो, सॅकला मागे त्यासाठी शिवलेली पट्टी आहे. ट्यूबची पट्टीही मिळाली आहे. आता एकच शंका उरली आहे. पावसाळ्यात स्थानकाबाहेरचा काही भाग काळ्या मातीचा आहे, तिथे मागच्या मडगार्डमध्ये चिखल भरून चाक अडते. कॅरिअर आणि मडगार्ड एकाच बोल्टवर असल्यामुळे मडगार्ड काढायचा तर कॅरिअरही सोडावे लागेल. मडगार्ड नसेल तर सॅक भिजणार. काही तोडगा आहे का?

नंदीग्राम:
मडगार्ड काढू नये, वर उचलावा. टायर आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटांचे अंतर राहील अशा बेताने त्याच्या आधाराच्या तारा वरच्या छिद्रात घ्याव्यात; कॅरिअरचा बोल्ट तसाच राहतो. टायर १.७५ च्या ऐवजी १.५ चा घातला तर आणखी जागा मिळते, पण मग खडबडीत रस्त्यावर धक्के वाढतात आणि टायरमध्ये हवा जास्त ठेवावी लागते. तरीही मृगाच्या पहिल्या पावसानंतर काळी माती जेव्हा कणकेसारखी चिकटते तेव्हा कोणताही मडगार्ड चालत नाही. तेवढा पट्टा सायकल उचलून पार करावा. बारा-तेरा किलोंची आहे. सॅक त्याआधी काढून पाठीवर घ्यावी.